संवादाचे परिणाम आधीच दाखवणारा मॉड: लावावा की नको? (विचर ३, स्पॉइलर आहेत)

रात्रीचा_गडी

मंडळी, विचर ३ सुरू केलाय. गेम २०१५ चा आणि मी आत्ता पोचतोय, तेव्हा हसून घ्या. मुलगी झोपली की तासभर मिळतो आणि त्यातला निम्मा नायक गेराल्टला घोड्यावरून इकडून तिकडे नेण्यात जातो. एवढा मोठा गेम मी परत पहिल्यापासून खेळेन हे काही होणे नाही. म्हणजे जो शेवट लागेल तोच माझा शेवट.

व्हिज्युअल नॉव्हेलना (वाचत आणि निवडत जायचे गेम) असे मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) असतात, की उत्तर निवडण्याआधीच त्याच्यापुढे लिहून येतं: अमकीशी मैत्री +१, तमका रस्ता बंद, वगैरे. विचरला तसं काही जमेल का? थोडंफार स्क्रिप्टिंग येतं, स्वतः खटपट करायची तयारी आहे. दुसरा प्रश्न खरा आहे: असं काही लावलं तर खेळायची मजा उरते का? दोन्ही बाजूंनी लिहा. फक्त गेराल्टच्या मानलेल्या लेकीचं, सिरीचं, पुढे काय होतं ते उघड करू नका, तिथवर अजून गेलेलो नाही.

कट्टर_विचर

मग सरळ यूट्यूबवर कट-सीन बघ की. वेळही वाचेल.

फावल्या_वेळचा_मॉडर

कट्टर, असं हाकलून काय लावता माणसाला.

गडी, आधी तांत्रिक भाग. विचर ३ मधली 'आठवण' अगदी साध्या पद्धतीने चालते. तुम्ही काही निवडलंत की गेम एक 'फॅक्ट' नोंदवतो. फॅक्ट म्हणजे एक नाव आणि त्याच्यापुढे एक आकडा. स्क्रिप्टमध्ये नोंद करणारं फंक्शन फॅक्ट्सअ‍ॅड आणि ती वाचणारं फॅक्ट्सक्वेरीसम. गोम अशी, की नोंद होते एका सीनमध्ये आणि वाचली जाते भलत्याच क्वेस्टमध्ये (कामगिरीत), कधीकधी वीस-तीस तासांच्या खेळानंतर. मॉडला उत्तराजवळ उभं राहून एवढंच दिसतं, की इथे काहीतरी लिहून ठेवलं जातंय. त्याचं पुढे काय होणार हे त्या जागी कुठेच लिहिलेलं नसतं. ते हवं असेल तर कुणीतरी सगळा क्वेस्टचा पसारा उलगडून हाताने यादी करायला हवी. २०२४ मध्ये या गेमचं अधिकृत मॉड-साधन रेडकिट मोफत आलं, त्यामुळे उलगडणं सोपं झालंय, पण यादी माणसालाच करावी लागते. थोडक्यात, असा मॉड म्हणजे पडद्यावर चिकटवलेलं गाईड.

व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये हे आपोआप जमतं, कारण त्या बऱ्याचदा रेनपाय या इंजिनवर असतात. तिथे मेनूतल्या प्रत्येक पर्यायाखाली त्याचा कोड लागूनच असतो, आणि गेम चालू असताना मॉडला तो वाचता येतो. 'आपुलकी अधिक एक' अशी ओळ सापडली की पर्यायाच्या स्क्रीनवर +१ छापायचं, संपलं. मी एका छोट्या गेमसाठी हे केलंय, संध्याकाळभराचं काम आहे. पण त्यातही मॉडला दिसतात ते लगेच मिळणारे गुण. तीन प्रकरणांनंतर कुठल्यातरी अटीत तपासला जाणारा झेंडा (फ्लॅग, म्हणजे कोडमधली खूण) त्याला दिसतो, पण कळत नाही. मग होतं काय, की सर्वांत किरकोळ परिणाम सर्वांत ठळक दिसतो. माझं स्वतःचं वाचन त्या मॉडने बदललं. नजर थेट आकड्यावर जायची आणि वाक्य न वाचताच क्लिक व्हायचं. (त्यातून रेनपायमध्ये माऊसचं चाक वर फिरवलं की गेम मागे जातो. परिणाम बघून परत यायची सोय तिथे मुळातच आहे, आणि तरी लोकांना +१ लागतो. असो.)

आता मजेचा प्रश्न. माझं मत असं, की गेम तुमच्यापासून दोन वेगवेगळ्या गोष्टी लपवतो आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक, तुमचं पात्र नेमकं काय बोलणार किंवा करणार. दोन, त्यावर जग काय उत्तर देणार. पहिली लपवणं हा रडीचा डाव आहे. दुसरी लपवणं हा गेम.

गुप्तहेरांचा म्होरक्या डाइकस्त्रा, त्याचा प्रसंग घ्या. (नोव्हिग्राड शहरात आहात ना? नसाल तर हा परिच्छेद सोडा.) पर्याय दिसतो तो साधारण 'त्याला जोरात बाजूला ढकल' असा. निवडला की गेराल्ट त्याचा पाय मोडतो. ढकलणं आणि पाय मोडणं यात काही फरक आहे की नाही? वर त्यामुळे 'रीझन ऑफ स्टेट' ही क्वेस्ट कायमची हातची जाते, म्हणजे राजाला मारायच्या कटातला तुमचा भाग संपला. ही दुसरी गोष्ट मला मान्य आहे. गुप्तहेरांच्या म्होरक्याशी हाणामारी केलीत, तो तुम्हाला कटात कशाला घेईल? पहिली मान्य नाही. पर्यायात 'पाय मोड' असं लिहिलं असतं, तर ज्याला मोडायचा त्याने मोडला असता आणि पुढचं निमूट भोगलं असतं.

म्हणून फॉलआउट ४ चा 'फुल डायलॉग इंटरफेस' हा मला या जातीतला सर्वांत शहाणा मॉड वाटतो. मूळ गेममध्ये चार बटणांचे चार पर्याय, प्रत्येकाला दोन-तीन शब्द, त्यातला एखादा नुसताच 'उपरोध'. काय बोलला जाणार याचा पत्ता नाही. त्या मॉडने पूर्ण वाक्य दाखवलं आणि तिथेच थांबला. परिणाम शब्दानेही सांगितला नाही. एल.ए. न्वार या पोलिस-तपासाच्या गेमचंही तेच दुखणं होतं. 'शंका' दाबली की तुमचा डिटेक्टिव्ह फेल्प्स समोरच्या म्हातारीवर खेकसायचा. २०१७ च्या नव्या आवृत्तीत त्यांनी बटणांची नावंच बदलली.

आणि एक खाचखळगा, जो मॉड करायला बसलं की मगच दिसतो. विचरमधली बहुतेक उत्तरं पुढे काहीच करत नाहीत. मॉडने फक्त परिणामवाल्या उत्तरांवर खूण केली, तर खूण दिसणं हाच स्पॉइलर. तुमच्या सिरीचंच उदाहरण देतो, कुठलं उत्तर बरं ते सांगत नाही. एका ठिकाणी ती खचलेली आहे आणि तुम्हाला दोन पर्याय येतात. एकात तिला म्हणायचं, सगळंच तुला जमलं पाहिजे असं थोडंच आहे. दुसऱ्यात म्हणायचं, तुझा मूड सुधारायला माझ्याकडे एक युक्ती आहे. दोन्ही मायेने म्हटलेली. गेम एका शब्दाने सुचवत नाही, की इथे काही मोजलं जातंय. अशा मोजक्या चार-पाच जागांवर तिचा शेवट ठरतो. तुम्ही तिथे बापासारखं वागता की परीक्षेला बसल्यासारखं, हे त्या न दिसण्यावरच अवलंबून आहे. खूण केली की परीक्षा झाली.

खारूताई

मॉडरचं बरंचसं पटलं, पण 'वाक्य दाखवा, परिणाम नको' एवढ्याने माझं काम भागत नाही. मला लिहिलेल्या वाक्यातला सूर पटकन कळत नाही. गेममध्येच नाही, एरवीही. पूर्ण वाक्य समोर असलं तरी ते थट्टेने म्हटलंय की टोमणा आहे, हे पात्र बोलल्यावर कळतं, तोवर समोरचा भडकलेला असतो. माझ्यासाठी सर्वांत सोयीचा गेम ड्रॅगन एज २. उत्तर निवडताना मधोमध चित्र येतं. समजुतीचं असेल तर ऑलिव्हची फांदी, थट्टा असेल तर मुखवटा, दमदाटी असेल तर मूठ. परिणाम काहीच सांगत नाही, पण मी कुठल्या सुरात बोलणार हे आधी कळतं. तो गेम आला तेव्हा याच चित्रांवरून लोकांनी नाकं मुरडली होती. मी मात्र पहिल्यांदाच कुणाशी भांडण हवंय ते ठरवू शकले.

प्लेनस्केप: टॉरमेंट तर १९९९ चा. त्यात तेच वाक्य दोनदा येतं, एकदा 'खरं' म्हणून आणि एकदा 'खोटं' म्हणून. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं, फरक फक्त तुमच्या मनात. पिलर्स ऑफ इटर्निटीमध्ये (२०१५) सेटिंगमध्ये जाऊन ठरवता येतं, की उत्तरापुढे 'दयाळू', 'क्रूर', 'प्रामाणिक' असे शिक्के दिसावेत की नाही. एक्स्पर्ट मोड लावला की शिक्के गायब. मॉड करणार असाल तर हे बंद-चालू करता येईल असं ठेवा. ज्याला नको त्याने बंद करावं, दुसऱ्याच्या डोळ्यांना शुद्धतेचे धडे देऊ नयेत. (हे कट्टर यांना.)

रात्रीचा_गडी

वा, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. सिरीबद्दल तोंड मिटून ठेवल्याबद्दल मॉडर यांचे खास आभार.

डाइकस्त्रापर्यंत पोचलोय आणि पाय शाबूत आहे. बॅरनचं प्रकरण उरकलंय. टेकडीवरच्या झाडाखालचं ते भूत मी सोडून दिलं. त्यानंतर जे जे झालं ते बघून गेम बंद केला आणि मॉड शोधायला लागलो, हे खरं कारण. पण वरचं वाचून वाटतंय, मला हवंय ते वेगळंच आहे. कोण मरणार, कोण जगणार ते नको. फक्त एखादं उत्तर दिल्याने पुढची अख्खी क्वेस्ट बंद पडणार असेल, तर तेवढी सूचना हवी. माझ्याकडे तास कमी आहेत. जे खेळायला मिळणार नाही ते निदान जाणूनबुजून सोडावं. असं करता येईल?

कट्टर_विचर

खारूताई, धडा मिळाला. माझं पहिलं उत्तर तुसडं होतं खरं, पण आता नीट लिहितो.

गडी, तुझ्या त्या झाडाचंच बघ. भूत सोडलंस तर अनाथ पोरं वाचतात, पण डाऊनवॉरन गाव कापलं जातं, बॅरनची बायको अ‍ॅना जाते आणि बॅरन गळफास घेतो. मारलंस तर पोरं जातात, अ‍ॅना जगते पण भ्रमिष्ट होऊन, आणि बॅरन तिला घेऊन इलाज शोधायला निघतो. आता सांग, मॉडने कुठलं उत्तर हिरवं करायचं आणि कुठलं लाल? 'पोरं +, गाव −, बॅरन −' असं लिहायचं? ते वाचून तू निवडलं असतंस तर ती बेरीज-वजाबाकी झाली असती. तू निवडलंस ते एका बांधलेल्या जिवाचं बोलणं ऐकून, विश्वास ठेवावा की नाही या घोळात. माझ्या मते अख्ख्या गेममधली ती सर्वांत भारी दहा मिनिटं आहेत. परिणाम माहीत असताना ती दहा मिनिटं कुणाला मिळतच नाहीत.

क्वेस्ट बंद पडण्याची सूचना मात्र चालेल. तेवढी सवलत देतो.

फावल्या_वेळचा_मॉडर

कट्टरांनी सवलत दिली, आता करायलाच हवं.

गडी, तुम्हाला हवंय ते करता येण्यासारखं आहे आणि यादीही छोटी होईल, कारण एका उत्तराने अख्खी क्वेस्ट बंद करणाऱ्या जागा तुलनेने कमी आहेत. करताना चार गोष्टी सांभाळा.

वाक्याचा मजकूर जुळवून खूण लावू नका. गेमची भाषा बदलली की सगळं कोलमडेल. प्रत्येक ओळीला स्वतःचा आयडी असतो, मजकूर वेगळ्या डब्ल्यू३स्ट्रिंग्ज फाईलमध्ये असतो. यादी आयडीवर बांधा.

खूण लहान ठेवा, पर्यायाच्या शेवटी एक ठिपका पुरे. काही उत्तरांना वेळेची पट्टी असते, ती सरकत असताना दोन ओळींची सूचना वाचायला कुणी थांबत नाही. आणि सूचनेत क्वेस्टचं नाव घालू नका. 'यानंतर एक क्वेस्ट मिळणार नाही', बस्स. नाव घातलंत की पुढच्या कटाचा पत्ता लागलाच. खारूताईंच्या सुराच्या खुणा वेगळ्या स्विचवर ठेवता येतील, पण ते काम मोठं आहे, कारण सूर कुठल्याच फाईलमध्ये लिहिलेला नाही, एकेक ओळ ऐकून ठरवावा लागेल. ताई, वेळ असेल तर नोव्हिग्राडपासून आपण दोघं सुरुवात करू.

संवादाच्या खिडकीला हात लावणारे दुसरे मॉड असतील तर स्क्रिप्ट मर्जर (मॉडच्या स्क्रिप्ट एकत्र जुळवणारं साधन) वापरा, नाहीतर गेम उघडणारच नाही. आणि तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे ते आधी पाहा. डिसेंबर २०२२ च्या ४.० अपडेटमध्ये स्क्रिप्ट बऱ्याच बदलल्या, त्याआधीचं उदाहरण समोर ठेवून लिहाल तर डोकं धरून बसाल.

मॉड होईपर्यंत एक ठिपका मीच तोंडी देऊन ठेवतो. गोष्ट तुम्हाला आइल ऑफ मिस्ट्स या बेटाकडे नेऊ लागली की तिथेच थांबा आणि अर्धवट राहिलेल्या बाजूच्या क्वेस्ट उरका. त्यातल्या काही त्यानंतर आपोआप फेल होतात, 'रीझन ऑफ स्टेट' त्यातलीच. वेगळ्या नावाने सेव्हही करून ठेवा.

खारूताई

नोव्हिग्राड चालेल. पण वेश्यागृहातल्या ओळी तुम्ही ऐका, माझा पीसी बैठकीच्या खोलीत आहे.