अनुभव धागा: शहराच्या मध्यवस्तीतील मोफत बस

धागाकर्ता, जळगाव

खान्देशातील शहरांत शहरांतर्गत प्रवास म्हणजे शेअर रिक्षा किंवा स्वतःची दुचाकी, एवढेच उरले आहे. जळगावात एकेकाळी शहर बस होती, ती बंद पडली. केंद्र सरकारने 16 ऑगस्ट 2023 रोजी मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत 3 लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांसाठी 10,000 विजेवरील बसगाड्यांची तरतूद आहे. 4,60,000 लोकसंख्येच्या (2011 ची जनगणना) जळगावचे नाव त्यात आल्यापासून शहर बसचा विषय पुन्हा निघाला. माझा प्रश्न त्यातील एका छोट्या भागापुरता आहे. रेल्वे स्थानक, टॉवर चौक, फुले मार्केट, दाणाबाजार, नवी पेठ आणि नवीन बसस्थानक एवढ्याच पट्ट्यात सतत फिरणारी बस तिकिटाविना चालवता येईल काय? आपल्याकडे फुकट गाडी म्हटली की सभेला माणसे नेणारा ट्रॅक्टर आठवतो, म्हणून आधीच स्पष्ट करतो की येथे रोजच्या, वेळेवर धावणाऱ्या बसविषयीच लिहावे. बस किती वेळाने येते, चढायला किती वेळ लागतो आणि खर्च कोण उचलतो, हे प्रत्यक्ष प्रवास केलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे.

मूळ गाव अमळनेर, सध्या पर्थ (ऑस्ट्रेलिया)

येथील मध्यवस्तीत फिरणाऱ्या कॅट या मोफत बसने मी नोकरीच्या ठिकाणी जाते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते. ही सेवा 1996 पासून चालू असून मार्ग रंगांवरून ओळखले जातात. लाल आणि पिवळा मार्ग साधारण पूर्व-पश्चिम धावतात, निळा उत्तर-दक्षिण. बसवर मांजराचे चित्र असते, त्यामुळे वाचता न येणारी मुलेही आपली बस ओळखतात. वेळापत्रक पाहण्याची सवय मला राहिलेली नाही, कारण कामाच्या वेळेत एक बस चुकली तरी काही मिनिटांत दुसरी येते. चालकाला पैशांचा व्यवहारच नसल्यामुळे लोक चढतात, उतरतात आणि बस निघते. याशिवाय शहराच्या मध्यभागी एक मोफत क्षेत्र आखलेले आहे आणि त्याच्या आत इतर साध्या बसनेही विनातिकीट जाता येते.

पैसे कोठून येतात, हे मला येथे आल्यावर बऱ्याच उशिरा कळले. 1999 च्या कायद्यानुसार मध्यवर्ती भागात निवासी वापराव्यतिरिक्त वाहनतळाची जागा बाळगणाऱ्याला दर जागेमागे वार्षिक शुल्क भरावे लागते आणि त्या निधीतून कॅट बसचा खर्च भागवला जातो. म्हणजे शहरात गाडी उभी करणाऱ्यांच्या पैशांवर गाडी न आणणारे फिरतात. त्यामुळे बसमध्ये सुटाबुटातले अधिकारी, विद्यार्थी, बाबागाडी घेतलेल्या आया आणि ज्यांना डोक्यावर छप्परही नाही असे लोक शेजारी शेजारी बसलेले असतात. याविषयी कुरकूर करणारे येथेही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

साक्री, जि. धुळे

मी निवृत्त शिक्षक असून वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेली आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून एसटीने आमच्या वयाच्या लोकांना प्रवास मोफत केला, 65 ते 75 वयाच्या लोकांना अर्धे भाडे ठेवले, हे सर्वांना ठाऊक आहे. वाहक आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचे तिकीट देतो. ते तिकीट सांभाळून ठेवावे लागते, कारण तपासणीस आला तर तोंडी हिशेब चालत नाही. सुरतेच्या गाडीत बसलो तर ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते आणि नवापूरच्या पुढचे भाडे भरावे लागते.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाशी संबंधित अनुभव मात्र धुळ्यात उतरल्यानंतर सुरू होतो. साक्रीपासून धुळ्यापर्यंतचे पन्नासहून अधिक किलोमीटर एक पैसा न देता येतो आणि बसस्थानकापासून देवपुरातल्या डॉक्टरांपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरसाठी रिक्षावाल्याशी घासाघीस करतो. सीट भरेपर्यंत रिक्षा हलत नाही, एकट्याने जायचे म्हटले तर तो सांगेल तो दर. माझ्यासारख्या माणसाचा खरा खर्च शहरात उतरल्यावरच होतो आणि मोफत बसची गरज असेल तर ती या शेवटच्या तुकड्यात आहे, लांबच्या प्रवासात नव्हे.

भुसावळ (काही वर्षे सिएटलला वास्तव्य)

अमेरिकेतील सिएटल शहरात मध्यवर्ती भागात बसप्रवास 1973 पासून मोफत होता. तेथे वेगळी बस नव्हती, नेहमीच्याच बस त्या भागात विनाभाडे असत. शहराकडे येताना चढताना पैसे द्यायचे आणि शहरातून बाहेर जाताना उतरताना द्यायचे, अशी पद्धत होती. हेतू असा की गर्दीच्या ठिकाणी चढताना रांग लागू नये, आणि तो साध्यही होत असे, कारण सर्व दारे उघडून बस भरत असे. परंतु संध्याकाळी उपनगरात उतरताना पुढच्या एकाच दाराशी सगळे नाणी मोजत उभे राहत, तेव्हा वाचलेला वेळ तेथे खर्च होई. नवख्या माणसाला तर नियम समजावून सांगताना चालकाच्या नाकी नऊ येत. सप्टेंबर 2012 मध्ये उत्पन्नाच्या अडचणीमुळे ही सोय बंद झाली. माझे मत असे बनले की अर्धा मार्ग मोफत आणि अर्धा सशुल्क ठेवण्यापेक्षा छोटा, वेगळ्या रंगाचा, पूर्ण मोफत फेरा बरा.

फुले मार्केट परिसर, जळगाव

माझे कापडाचे दुकान आहे. मोफत बसमधून मी कधी गेलेलो नाही, तरीही येथे लिहितो, कारण बस ज्या रस्त्यावरून जाणार तो रस्ता मी रोज पाहतो. सकाळी दुकाने उघडण्याच्या वेळीच दारासमोरच्या जागा दुचाकींनी भरतात आणि त्यातील निम्म्याहून अधिक दुचाकी दुकानदारांच्या, कामगारांच्या आणि आमच्याच घरच्या असतात. गिऱ्हाईक नंतर येते आणि जागा शोधत दोन चकरा मारून निघून जाते. लग्नसराईत चोपडा-यावलकडून बस्त्यासाठी येणारी कुटुंबे स्थानकावर उतरून पिशव्या घेऊन चालत येतात. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना म्हातारी माणसे दुकानात आल्या आल्या आधी पाणी मागतात, कापड नंतर पाहतात. त्यांच्यासाठी दहा-दहा मिनिटांनी बस आली तर आमचाच धंदा वाढेल. मात्र पर्थच्या ताई सांगतात तसे पार्किंगचे पैसे आमच्याकडून मागितले, तर पहिला मोर्चा आमच्याच गल्लीतून निघेल आणि त्यात मीही असेन, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

शहादा, सध्या बेंगळुरू

कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेखाली महिलांना साध्या सरकारी बसमध्ये प्रवास मोफत आहे, पण तो राज्यातील रहिवासी महिलांपुरता. माझ्या आधारवर नंदुरबार जिल्ह्याचा पत्ता असताना मी पूर्ण तिकीट काढत असे आणि शेजारची मैत्रीण शून्य रुपयांचे. पत्ता बदलल्यानंतर मीही मोफत जाऊ लागले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की भाडे नसले तरी वाहकाचे काम कमी झालेले नाही, कारण प्रत्येक महिलेला तिकीट द्यावे लागते आणि त्याच तिकिटांच्या हिशेबावर सरकार महामंडळाला पैसे देते. भर गर्दीत ओळखपत्र काढणे, दाखवणे, तिकीट घेणे यात वेळ जातोच. त्यामुळे मोफत बस भरभर चालते हे पर्थबाबत खरे असेल, येथे तसे होत नाही.

रावेर

क्वालालंपूरला गेलो असताना तेथील गोकेएल या मोफत बसने फिरलो. ही सेवा 2012 साली सुरू झाली. बस वातानुकूलित आणि स्वच्छ होती, पण बुकित बिंतांग भागात वाहतूक अशी तुंबलेली की आम्ही मधेच उतरून चालत तिच्या आधी पोहोचलो. रस्ता मोकळा नसेल तर तिकीट नसण्याचा उपयोग मर्यादित आहे.

पिंप्राळा, जळगाव

माझे वडील रिक्षा चालवतात. त्यांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. स्थानक ते मार्केट हा टप्पा लहान, सीट लवकर भरतात, म्हणून दिवसाचे डिझेल-गॅसचे आणि हप्त्याचे पैसे त्यातूनच निघतात, महाबळ किंवा पिंप्राळ्याकडच्या लांब फेरीत परतीची सीट मिळेल याची खात्री नसते. मोफत बस नेमकी याच टप्प्यावर आली तर नुकसान कोणाचे, हे उघड आहे. त्यांचे म्हणणे असे की बस आणायचीच असेल तर रिक्षांना बसच्या थांब्यांपासून कॉलन्यांपर्यंतचे ठरावीक मार्ग आणि उभे राहण्याची अधिकृत जागा द्यावी. साक्रीच्या काकांनी घासाघिशीविषयी लिहिले ते खरे आहे, पण रिकामी रिक्षा उन्हात उभी ठेवणाऱ्यालाही तो वेळ मोजावाच लागतो.

धागाकर्ता, जळगाव

खर्च कोण उचलतो, असे मी सुरुवातीला विचारले होते, त्याविषयी थोडे लिहितो. बेल्जियममधील हासेल्ट या आपल्या भुसावळपेक्षाही लहान शहराने 1997 मध्ये बस मोफत केली, प्रवासी कित्येक पटींनी वाढले आणि वाढलेल्या प्रवाशांबरोबर वाढलेला खर्च न झेपल्यामुळे 2013 मध्ये ती सरसकट मोफत सेवा थांबली. याउलट फ्रान्समधील डंकर्कने 2018 मध्ये बस मोफत करतानाच मार्गांची नव्याने आखणीही केली. तेव्हा प्रवासी आले तर पुढच्या वर्षी जादा बसचे पैसे कोण देणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेले असावे. पार्किंगच्या शुल्कावर दुकानदारांचा आक्षेप वर नोंदला गेलाच आहे.

मेहरूण, जळगाव

माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे एवढेच मांडते. बसची पायरी खाली हवी आणि थांब्याला छत हवे. ती पैशांसाठी रिक्षा टाळत नाही, चढता येत नाही म्हणून टाळते. शेअर रिक्षात मधल्या सीटवर सरकायला सांगतात, तेव्हा ती उतरून चालू लागते.