दुःखावर सहा बैठका घ्यायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

मोहरीचा दाणा

सर्वांना सलाम. उपवासकाळातल्या सहा शुक्रवारी घरगुती प्रार्थनेत ‘शिष्य आणि दुःख’ हा विषय घ्यायचं ठरलं आहे. दहा-बारा जण असतात, वेळ तासभर. गटात एक बाई गेल्या वर्षी विधवा झाल्या आहेत, एक जण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो, दोन तरुण बरेच दिवस नोकरीविना आहेत. त्यामुळे विषय पुस्तकी राहणार नाही.

अडचण अशी की असा अभ्यास फिरून फिरून ‘देव करतो ते भल्यासाठीच’ या एका वाक्यावर येऊन बसतो. ज्याचं दुखतंय तो मान डोलावतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. कुठला उतारा आधी घ्यावा, लोकांकडून प्रत्यक्ष काय करून घ्यावं आणि कुठली वचनं जपून वापरावीत, हे सांगाल का?

ओसरी

पहिल्या दोन बैठका विलापाला द्या. ‘अर्थ’ हा शब्द तोवर काढूच नका.

बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. उपासनेत मात्र आपण २३, १०० आणि १२१ यांच्यातच फिरतो, म्हणून देवाकडे तक्रार करणं म्हणजे अविश्वास असं लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे. देवाबद्दल पाठीमागे कुरकुर करणं वेगळं आणि त्यालाच समोर उभं राहून विचारणं वेगळं. रानात इस्राएलांनी पहिलं केलं, स्तोत्रकर्ता दुसरं करतो. हा फरक पहिल्याच दिवशी दहा मिनिटं घेऊन नीट समजावा.

सुरुवात स्तोत्र १३ ने करा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो आणि दर वेळी त्याचा रोख बदलतो. देवा, तू मला विसरणार कोठवर? तोंड लपवणार कोठवर? मी मनातल्या मनात घोळत बसू कोठवर? वैरी माझ्यावर वरचढ राहणार कोठवर? रात्री झोप न लागलेल्या माणसाच्या डोक्यात हे चारही प्रश्न एकापाठोपाठ येतात, जवळजवळ याच क्रमाने. मग दोन वचनं मागणीची: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, डोळ्यांत उजेड घाल. पाचव्या वचनात सूर वळतो आणि तो देवाच्या दयेवर भरवसा बोलून दाखवतो. गटाला इथे थांबवून विचारा, चौथ्या आणि पाचव्या वचनामध्ये काय बदललं? बाहेर काहीच बदललेलं नाही. वैरी होता तिथेच आहे.

दुसऱ्या शुक्रवारी प्रत्येकाला स्वतःचा विलाप लिहायला लावा. चार ओळी ‘कोठवर’च्या, तीन मागणीच्या, एक भरवशाची. शांतता पंधरा मिनिटं. वाचून दाखवायची सक्ती नको.

हे तीन ठिकाणी फसतं. एक, लोक ‘हे कृपाळू स्वर्गीय बापा, आम्ही अपात्र दास’ अशा घोटलेल्या प्रार्थनेच्या भाषेत लिहितात, आणि त्या भाषेत स्वतःचं दुःख लपवणं फार सोपं असतं. प्रत्येक ओळीत हाताला लागेल अशी एक तरी गोष्ट हवी असं आधीच सांगा: हाताला सुई टोचण्याची जागा, रिकामी खाट, मुलाखतीनंतर न आलेला फोन. दोन, भरवशाची ओळ जबरदस्तीने लिहून घेतली जाते. ज्याच्याकडे ती नसेल त्याने जागा कोरी सोडावी. स्तोत्र ८८ असंच आहे. १८ वचनं आणि शेवट अंधारात. सुरुवातीला ‘माझ्या तारणाच्या देवा’ अशी हाक आहे, नंतर कुठेही वळण नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तीन, कुणी वाचलं की गट चालवणारा लगेच एखादं वचन चिकटवतो. तसं करू नका. सगळ्यांनी मिळून ‘प्रभू, ऐक’ म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं, बस्स.

ज्यांना काय लिहावं हेच सुचत नाही त्यांच्यासाठी बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाची रीत कामाला येते. पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेवर बांधलेले आहेत. अक्षरं २२, म्हणून वचनं २२. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून ६६. पाचव्यात वचनं २२ च आहेत, पण अक्षरांचा क्रम मोडला आहे. आवर नसलेल्या दुःखाला या बांधणीने सुरुवात आणि शेवट मिळतो. मराठीत क पासून म पर्यंत एकेक ओळ लिहायला सांगा. ङ, ञ, ण सोडा. आणि ‘दया रोज सकाळी नवी होते’ हे आपलं आवडतं वचन बरोबर मध्यावर, तिसऱ्या अध्यायात आहे हे दाखवा. त्यानंतर पुस्तक आणखी दोन अध्याय रडतं आणि शेवट ‘तू आम्हांला अगदीच टाकलंस का’ अशा सुरात होतो.

जात्यावरची ओवी

वरच्या उत्तराशी सहमत. मी जपून वापरायच्या वचनांबद्दल लिहिते.

रोम ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून भल्यासाठीच होतात) एकटं कधीच वाचू नका. त्याच्या आधी एकाच अध्यायात तीन वेळा ‘कण्हणं’ आलं आहे: सृष्टी कण्हते (२२), आपण कण्हतो (२३), आणि आत्माही कण्हतो (२६). देवाचा आत्मा माणसाच्या दुःखावर भाषण देत नाही, त्याच्याबरोबर कण्हतो, हे वाचल्याशिवाय २८ ला हात लावू नये. ‘भलं’ म्हणजे काय तेही २९ मध्ये लगेच सांगितलं आहे: पुत्राच्या प्रतिरूपाचं होणं. नोकरी लागणं, बरं होणं, दुसरं चांगलं स्थळ येणं असा त्याचा अर्थ हे पत्र लिहिणारा पौल करत नाही.

दुसरं, भावांनी खड्ड्यात टाकून विकलेल्या योसेफाचं त्यांनाच उद्देशून वाक्य: तुम्ही वाईट योजलंत, पण देवाने त्यातून भलं योजलं (उत्पत्ती ५०:२०). जरा हिशोब मांडा. विकला गेला तेव्हा तो १७ वर्षांचा. मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला ३० व्या वर्षी. सुकाळाची सात आणि दुष्काळाची दोन वर्षं झाल्यावर भावांना ओळख दिली, तेव्हा ३९. तिथे तो देवाने मला पुढे पाठवलं असं प्रथम म्हणतो. म्हणजे २२ वर्षांनी. त्याचा बाप याकोब त्यानंतर मिसरात १७ वर्षं जगला आणि ५०:२० त्याच्या मृत्यूनंतरचं आहे. म्हणजे विक्रीपासून सुमारे ३९ वर्षांनी. आणि हे वाक्य ज्याने सोसलं त्याने उच्चारलं आहे. भावांनी खड्ड्याच्या काठावर उभं राहून ते म्हटलं असतं तर ती क्रूरता झाली असती. आपण भेटीला जाऊन दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ सांगतो तेव्हा नेमके त्या काठावर उभे असतो. तिसऱ्या बैठकीचा गाभा हाच ठेवा, मला तो फार मोलाचा वाटतो. विधवा बाईंना त्यांचा अर्थ सापडेल तेव्हा त्या सांगतील, गटाने फक्त येत राहायचं.

पाप आणि दुःख यांची गाठ घालणाऱ्यांसाठी योहान ९:३ (जन्मांधाने किंवा त्याच्या आई-बापांनी पाप केलं म्हणून तो आंधळा नव्हता) आणि लूक १३:४ पुरेत. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले. ते इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते असं प्रभू स्पष्ट सांगतो.

आता सगळ्यात धोक्याचं. ‘हा तुझा वधस्तंभ आहे, उचल’ हे वाक्य मार खाणाऱ्या बायकांना सांगितलं जातं. लूक ९:२३ मधला वधस्तंभ शिष्य स्वतः उचलतो, प्रभूच्या मागे चालताना. नवऱ्याचा हात हा वधस्तंभ नव्हे, ते पाप आहे आणि ते करणारा त्याचा धनी आहे. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद पळाला. दिमिष्कात पौलाला रात्री पाटीत बसवून गावकुसावरून खाली सोडलं, आणि फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं. सुटकेचा मार्ग असताना सुटणं हे शिष्यत्वात बसतं. गटातल्या कुणी असं काही सांगितलं तर बायबल बंद करा आणि आधी ती सुरक्षित आहे का ते पाहा. महिलांसाठी १८१, तातडीला ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. नवराबायकोला एकत्र बसवून समेटाची प्रार्थना लगेच घेऊ नका. घरी गेल्यावर तिला त्याची किंमत मोजावी लागते.

सांजघंटा

मी कॅथलिक बाजूने थोडं सांगतो. आमच्याकडे दुःख ‘अर्पण’ करण्याची जुनी रीत आहे. तिचा आधार कलस्सै १:२४ (ख्रिस्ताच्या दुःखातलं उणं मी माझ्या देहात भरून काढतो), आणि पोप जॉन पॉल दुसरे यांचं ११ फेब्रुवारी १९८४ चं दुःखावरचं पत्र याच वचनाने सुरू होतं. ख्रिस्ताच्या दुःखात काही उणं राहिलं असा अर्थ घेऊ नये. त्याचं शरीर म्हणजे ख्रिस्तसभा अजून सोसते आहे आणि त्या सोसण्यात माझा वाटा आहे, एवढंच.

करायचं कसं? सकाळी एकच वेदना घ्या आणि एकाच माणसाशी जोडा. ‘आजच्या डायलिसिसचे चार तास शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठी’, इतकं नेमकं. ‘जगातल्या सर्व दुःखितांसाठी’ म्हटलं की दुपारपर्यंत विसरायला होतं. वेदना शोधायला जायचं नाही, गोळी टाळायची नाही; गोळी घेऊन जे उरतं ते अर्पण करायचं. तुमच्या गटात कुणाला ‘अर्पण’ शब्द खटकला, वधस्तंभावर सगळं पूर्ण झालं असं ते म्हणाले, तर वाद घालू नका. ‘माझ्या दुखण्याच्या वेळेत मी त्याच्यासाठी प्रार्थना करीन’ असं म्हणा. कृती तीच राहते.

दुसरी शिदोरी येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस याची. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाला तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या तो मनातल्या हालचाली पारखायला शिकला. आत्मिक शुष्कतेबद्दल (प्रार्थनेत मन कोरडं पडतं त्याबद्दल) त्याचा पाचवा नियम असा: अंधारात असताना आधी उजेडात घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मंडळी सोडणं, सेवा सोडणं, साखरपुडा मोडणं हे त्या आठवड्यात ठरवू नये. सहावा नियम त्याला जोडून येतो, प्रार्थना थोडी वाढवायची. पंधरा मिनिटं नकोशी वाटली तर सोळा करायची.

पण शुष्कता आणि नैराश्याचा आजार यांत गल्लत नको. दोन आठवडे झोप, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील तर डॉक्टर हवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलतात. मरणाचे विचार असतील तर त्या माणसाला एकटं सोडू नका.

मोहरीचा दाणा

मनापासून आभार. एक प्रश्न राहिला. डायलिसिसवाल्या भावाला बाहेरच्या एका सभेत ‘विश्वास कमी पडला म्हणून बरा झाला नाहीस’ असं सांगण्यात आलं. तो अजून त्यातून बाहेर आलेला नाही. त्याला याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय (आजाऱ्यासाठीची प्रार्थना) कसा समजावू?

जात्यावरची ओवी

त्याच्यासमोर ५:१४-१५ हळू वाचा आणि एकच प्रश्न विचारा: इथे प्रार्थना कोण करतंय? मंडळीचे वडील. आजाऱ्याने फक्त त्यांना बोलवायचं आहे. विश्वासाची प्रार्थना म्हटली आहे ती त्या वडिलांची. म्हणजे विश्वासाचं माप काढायचंच असेल तर ते खाटेवरच्या माणसापासून सुरू होत नाही. नुसतं एवढं दाखवलं तरी मोठं ओझं उतरतं.

मग पौलाचे आजारी सोबती दाखवा. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडलं (२ तीमथ्य ४:२०). एपफ्रदीत मरता मरता वाचला. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. कुणालाही विश्वासावरून बोल लावलेला नाही. स्वतः पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ हे उत्तर मिळालं. त्या काट्याला तो ‘सैतानाचा दूत’ म्हणतो. कृपा मिळाली म्हणून काटा चांगला ठरला नाही. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभूच्या प्रार्थनेतही आधी ‘हा प्याला टळो’ आणि मग ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’. पहिला अर्धा भाग गाळून लोकांना दुसरा म्हणायला लावणं चूक आहे.

तेलाची प्रार्थना जरूर करा. दोन-तीन वडील, आधी त्याला विचारून, कपाळाला बोटभर तेल, प्रार्थना पाच मिनिटांच्या आत. ‘बरं वाटतंय का?’ असं लगेच विचारू नका आणि साक्ष मागू नका.

भेटीबद्दलही एक सांगते. योहान ११ मध्ये मेलेल्या लाजराच्या बहिणी मार्था (२१) आणि मरीया (३२) प्रभूला तेच वाक्य बोलतात, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेशी प्रभू पुनरुत्थानाबद्दल बोलतो, मरीयेजवळ रडतो. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही रडतो. समोरचा आज मार्था आहे की मरीया, हे बसल्यावर दोन मिनिटांत कळतं. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक चाललं होतं.

ओसरी

चौथ्या-पाचव्या शुक्रवारसाठी २ करिंथ १:३-७ घ्या. आपल्याला मिळालेल्या सांत्वनाने दुसऱ्याचं सांत्वन करणं. पंडिता रमाबाईंचं उदाहरण जवळचं आहे. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, पती १८८२ मध्ये वारले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या मुली घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. सांगताना एक काळजी घ्या: मिशन उभं राहावं म्हणून देवाने त्यांचे आई-वडील उपाशी मारले असं कुणाला ऐकू जाता कामा नये. उपासमार काय असते हे त्यांना ठाऊक होतं आणि म्हणून त्या गेल्या, इतकंच सांगा.

सहावी बैठक शिकवण्याविना ठेवा. दुसऱ्या शुक्रवारचे विलाप परत काढा, ज्यांची शेवटची ओळ कोरी होती त्यांना ती आता लिहायची का ते विचारा, आणि नाही म्हणाले तर स्तोत्र ८८ सगळ्यांनी मिळून वाचा. त्या दुसऱ्या शुक्रवारी पेनांऐवजी पेन्सिली आणि खोडरबर न्या. शाईने लिहायचं असलं की लोक पुन्हा घोटलेल्या भाषेकडे जातात.