कोल्हापूरचे विधी महाविद्यालय की परराज्यातील राष्ट्रीय विधी विद्यापीठ? मुलीच्या पुढील कामाच्या दृष्टीने सल्ला हवा आहे

प्रश्न : तासगावचा पालक

नमस्कार. माझी मुलगी यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला पाच वर्षांचा बीए एलएलबी अभ्यासक्रम करायचा आहे. क्लॅटमधील (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेतील) तिच्या क्रमांकावर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या आपल्या राज्यातील तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेश मिळण्याची शक्यता उरलेली नाही. परराज्यातील, तुलनेने नव्या अशा एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात मात्र जागा मिळते आहे. वसतिगृह आणि जेवण धरून तिथला खर्च वर्षाला तीन लाखांच्या घरात जातो. राज्याच्या विधी सीईटीत तिला बरे गुण आहेत. त्या गुणांवर पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय काठावर आहे आणि कोल्हापूरचे शहाजी विधी महाविद्यालय बहुधा मिळेल.

माझा बेदाण्याचा छोटा व्यापार आहे. परराज्यात पाठवायचे तर किमान १२ लाखांचे शैक्षणिक कर्ज काढावे लागेल. कोल्हापुरात शिकली तर कर्जाची गरज पडणार नाही.

तिला या विषयाची ओढ कशी लागली, तेही सांगतो. माझ्या आईने माहेरच्या जमिनीतील आपल्या वाट्यासाठी दावा लावला होता. दर तारखेला नात आजीबरोबर कोर्टात जाऊन बसत असे आणि घरी आल्यावर आज काय झाले हे आम्हाला सविस्तर सांगत असे. मुलींच्या समान हक्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिलेल्या निकालाची माहिती आमच्या घरात प्रथम तिनेच दिली.

माझ्या मनात दोन प्रश्न आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी पदवी घेतल्यास पुढे कोणते दरवाजे बंद होतात? आणि कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारे पीठ) आल्यामुळे तिथे शिकणाऱ्या मुलांना खरोखर काम मिळेल, की ही केवळ उत्साहाची चर्चा आहे? आमच्या घरात किंवा नात्यात कोणीही वकील नाही, हे लक्षात घेऊन कृपया उत्तर द्यावे.

उत्तर : कोल्हापूरचे एक वकील, वकिलीची सनद २००४

आपण कर्जाचा आकडा दिलात हे फार बरे केले, कारण माझ्या मते तुमचा निर्णय महाविद्यालयाच्या नावापेक्षा त्या आकड्यावर अधिक अवलंबून आहे. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची परतफेड धरली, तर १२ लाखांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला जवळपास १६,००० रुपये येतो, आणि शिक्षणाच्या काळात साचलेले व्याज त्यात धरलेले नाही. आता दुसरा आकडा पाहा. ज्युनियर वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मानधन द्यावे, अशी शिफारस भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती बंधनकारक नाही, आणि आमच्या भागातील अनेक ऑफिसांत पहिल्या वर्षी त्याच्या निम्मेही मिळत नाही. म्हणजे कर्ज काढून शिकलेल्या मुलीला कोर्टात उभे राहायचे असले, तरी हप्ता तिला उभे राहू देणार नाही. तिला पहिल्याच दिवसापासून पगाराची नोकरी शोधावी लागेल. वकिली रुजायला पाच-सात वर्षे लागतात आणि ती वर्षे ज्याच्या डोक्यावर देणे नाही, त्यालाच काढता येतात. आपल्या मुलीचा ओढा कोर्टाकडे आहे, हे आपण स्वतःच लिहिले आहे.

आता बेंचविषयी. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ ही मागणी लावून धरली होती. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झाले. त्याआधी आमचा पक्षकार अपील करायचे ठरवी, तेव्हा कागदपत्रांची फाइल मुंबईच्या वकिलाकडे जाई आणि आमचा त्या प्रकरणाशी संबंध जवळजवळ संपे. आता तीच फाइल इथेच राहते. तासगावच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेला वाटपाचा दावा सांगलीच्या जिल्हा न्यायालयातून वर गेला, तर द्वितीय अपिलाची सुनावणी कोल्हापुरात होते. त्यामुळे काम वाढले आहे, ही केवळ उत्साहाची चर्चा नाही.

परंतु हे काम कोणाला मिळते, हे नीट समजून घ्यावे. महाराष्ट्रातील दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), उलटतपासणी, निशाणी ५ वरचा म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, सारे मराठीत चालते. उच्च न्यायालयात मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजी आहे. मराठी फेरफार, जुनी खरेदीखते आणि साक्षीपुरावा वाचून त्यावरून नेमक्या इंग्रजीत रिट याचिका उभी करू शकणारी मुले आम्हाला आज हवी आहेत, आणि ती सहज सापडत नाहीत. मराठी माध्यमातून आलेली मुले कागद उत्तम वाचतात, पण इंग्रजी मसुद्यापाशी अडतात. बाहेर शिकून आलेली मुले सुंदर मसुदा लिहितात, पण सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या नोंदीचा अर्थ त्यांना लागत नाही. दोन्ही जमणाऱ्या मुलीला कोणत्या महाविद्यालयात शिकलीस, असे कोणी विचारणार नाही. जिल्ह्याच्या महाविद्यालयात ही इंग्रजीची तयारी आपोआप होत नाही, ती स्वतः करावी लागते. पहिल्या वर्षापासून रोज एक निकालपत्र पूर्ण वाचायचे आणि त्यातील वस्तुस्थिती स्वतःच्या शब्दांत एका पानात लिहून काढायची, एवढा नेम तिने पाळला तरी पाचव्या वर्षी तिच्यात आणि इतरांत मोठे अंतर पडलेले असेल.

पुण्याचे आयएलएस मिळाले, तर तो विचार अवश्य करावा. १९२४ पासूनची संस्था आहे, ग्रंथालय मोठे आहे आणि बरोबरीची मुले हुशार असल्याने अभ्यासाला धार येते. फक्त पुण्यात राहण्याचा खर्च वेगळा मांडून पाहा.

उत्तर : मुंबईतील एका लॉ फर्ममध्ये काम करणारा, राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा माजी विद्यार्थी

वकीलसाहेबांचे म्हणणे मला मान्य आहे, तरी दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो, कारण मी स्वतः कर्ज काढून शिकलो आणि ते फेडू शकलो. कंपन्यांचे विलीनीकरण, भांडवली बाजार किंवा आंतरराष्ट्रीय लवाद अशा विषयांत काम करायचे असेल, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा उपयोग निश्चित होतो. मोठ्या फर्म मुलांची निवड करण्यासाठी ठरावीक विद्यापीठांत स्वतः जातात; जिल्ह्याच्या महाविद्यालयात त्या येत नाहीत. हा दरवाजा पूर्ण बंद होत नसला, तरी तिथून तो स्वतः ढकलून उघडावा लागतो आणि त्यात दोन-तीन वर्षे अधिक जातात, हे मान्य केले पाहिजे.

मात्र सर्व राष्ट्रीय विधी विद्यापीठे सारखी आहेत, हा मोठा गैरसमज आहे. बंगळुरूच्या पहिल्या विद्यापीठाची स्थापना १९८० च्या दशकातील आहे, आणि त्याचे जे माजी विद्यार्थी आज फर्मच्या निवड समितीत बसतात, तसे माजी विद्यार्थी नव्या विद्यापीठाजवळ अजून नाहीत. म्हणून नावातील ‘राष्ट्रीय’ या शब्दावर न जाता त्या विद्यापीठाला लेखी प्रश्न विचारा. मागील तीन वर्षांत वर्गात किती विद्यार्थी होते, त्यांपैकी किती जणांनी नोकरीसाठी नाव नोंदवले, किती जणांना ती मिळाली आणि मधल्या विद्यार्थ्याचा (पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मध्यावर येणाऱ्याचा) पगार किती होता? माहितीपत्रकात सर्वाधिक पगाराचा आकडा ठळक असतो, पण तो एकाच मुलाचा असतो. तुमच्या मुलीला बहुधा मधल्या आकड्याशी कर्तव्य आहे. सरासरीही पुरेशी नाही, कारण दोन मोठे पगार संपूर्ण वर्गाची सरासरी वर ओढतात. नोंदच न केलेली मुले टक्केवारीतून वगळली जातात, तेही तपासा. या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे देण्याचे विद्यापीठाने टाळले, तर १२ लाखांचे कर्ज काढण्यासारखे तिथे काही नाही, असे मी समजेन.

कोल्हापूरला शिकून पुढे मुंबईच्या फर्ममध्ये यायचे असेल, तर सॉलिसिटर परीक्षेचा मार्ग लक्षात ठेवा. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ती घेते. त्यासाठी सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी करावी लागते आणि परीक्षा कठीण आहे, पण ती उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला पदवी कुठली हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

उत्तर : सरकारी अभियोक्ता, सातारा जिल्हा

दादा, मी जिल्ह्याच्या महाविद्यालयातूनच शिकले आहे, म्हणून सरकारी सेवेविषयी लिहिते. न्यायाधीश किंवा सहायक सरकारी अभियोक्ता व्हायचे असेल, तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत महाविद्यालयाच्या नावाला एकही गुण नाही. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेची मुख्य परीक्षा मराठीत लिहिण्याची सोयही आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. आपली मुलगी तेविसाव्या वर्षी पदवीधर झाली, तर सव्विसाव्या वर्षाआधी ती अर्ज करू शकणार नाही, आणि मधली तीन वर्षे तिला कोणाच्या तरी ऑफिसात काढावी लागतील. त्यामुळे कर्जाविषयी वकीलसाहेबांनी जे लिहिले आहे, ते न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्या मुलीलाही तंतोतंत लागू पडते.

घरात वकील नाही, हा आपला खरा अडथळा आहे. महाविद्यालय कोणते, यापेक्षा पहिले ऑफिस कोणते, यावर माझे आयुष्य अधिक ठरले. ज्या ऑफिसात मी सुरुवात केली, तिथे दीड वर्ष मला केवळ मुदतीचे अर्ज द्यायला पाठवले जाई. सरतपासणीचे शपथपत्र कसे तयार करतात, हेसुद्धा मला कोणी दाखवले नाही, आणि मुलगी आहे, लग्न होऊन जाईल, असे माझ्यासमोर बोलले जाई. मी ते ऑफिस सोडले, तेव्हा घरच्यांना माझी चूक वाटली. दुसऱ्या ऑफिसात पहिल्याच महिन्यात मला धनादेश न वटल्याच्या खटल्यात उलटतपासणी करायला मिळाली. रात्रभर झोप लागली नव्हती, पण त्या एका दिवसात मी मागच्या दीड वर्षापेक्षा अधिक शिकले. म्हणून तिसऱ्या वर्षापासून सुट्टीत तिला निरनिराळ्या ऑफिसांत प्रशिक्षणासाठी पाठवा आणि तिथल्या आधीच्या ज्युनियर मुली आज काय करतात, हे तिला स्वतः त्यांच्याकडून विचारू द्या.

आणखी एक मार्ग फार कमी पालकांना ठाऊक असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात लोकअभिरक्षक कार्यालये सुरू झाली आहेत. तिथे गरीब आरोपींची बाजू मांडण्यासाठी मानधनावर वकील नेमतात आणि सहायक लोकअभिरक्षक हे पद तीन वर्षांपर्यंतचा अनुभव असलेल्या नव्या वकिलांसाठीच आहे. फौजदारी काम शिकत असताना दरमहा ठरलेले पैसे मिळण्याची अशी संधी आमच्या वेळी नव्हती.

पालकाचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. रात्री मुलीला सारे वाचून दाखवले. हप्त्याच्या हिशेबाजवळ ती बराच वेळ थांबली आणि मग म्हणाली, की मला कंपन्यांचे काम करायचे नाही, मला आजीसारख्या बायकांचे दावे चालवायचे आहेत. तरीही त्या विद्यापीठाला मी प्रश्न लेखी पाठवले आहेत, कारण उद्या तिला संधी नाकारली असे व्हायला नको.

वकीलसाहेब, एक शंका उरते. माजी सरन्यायाधीश गवई हे अमरावतीला शिकले असे ऐकतो, आणि लोक त्यांचे उदाहरण देऊन महाविद्यालयाने काही फरक पडत नाही असे सांगतात. ते कितपत धरावे?

उत्तर : कोल्हापूरचे एक वकील

त्यांनी कायद्याचे शिक्षण अमरावतीला घेतले, हे खरे आहे. पण त्या उदाहरणावरून निर्णय घेऊ नका. एका माणसाच्या यशावरून महाविद्यालय कसे आहे, हे कळत नाही. शिवाय १९८५ मध्ये सनद घेतल्यावर त्यांनी सुरुवातीची वर्षे मुंबईत बॅरिस्टर राजा भोसले यांच्याबरोबर काम केले, आणि अमरावतीची पदवी सांगणारे लोक ही उमेदवारी सांगायला विसरतात. सातारच्या ताईंनी पहिल्या ऑफिसाविषयी लिहिले आहे, तेच इथेही दिसते.

सीईटीच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीत पसंतीक्रम भरताना आयएलएस वर आणि कोल्हापूर त्याखाली ठेवा. अधिवासाचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी तहसील कार्यालयात गर्दी होते. आणि प्रवेश घेण्यापूर्वी एखाद्या कामकाजाच्या दिवशी मुलीला घेऊन कोल्हापूरला या. सकाळी महाविद्यालयात एक तास वर्गाबाहेर उभे राहून शिकवणे चालू आहे का, हे पाहा; ग्रंथालयात मुले बसलेली दिसतात का, हेही पाहा. त्यानंतर साडेदहाला तिला सर्किट बेंचमध्ये मागच्या बाकावर बसवू. द्वितीय अपिलांचे काम ज्या दिवशी असेल, ती तारीख मी आधी कळवतो. आजींना प्रवास झेपणार असेल, तर त्यांनाही बरोबर आणा.