कानाच्या मापाच्या इअरफोनला एवढे पैसे कशाचे?

मंद्रसप्तक:
बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. स्टेजवर ड्रमर माझ्या डाव्या कानापासून दोन हातांवर बसतो, त्यामुळे आता कानात घालायचे मॉनिटर, म्हणजे स्टेजवर आपलंच वाजवणं नीट ऐकायचे इअरफोन, घ्यायचं ठरवलं. सिलिकॉनच्या टोप्या असलेले तयार इअरफोन माझ्या उजव्या कानात टिकत नाहीत, मान हलवली की सुटतात. म्हटलं माप देऊन करून घेऊ, तर भाव ऐकून खालीच बसलो. तेवढ्यात दुसरा कीबोर्ड येईल! आमच्या गिटारवाल्याची जोडी उजेडात धरून पाहिली. पारदर्शक प्लास्टिक, आत नखाएवढे चार-सहा डबे, केसासारख्या तारा. यात एवढं महाग काय आहे? की नुसतं नावाचं घेतात?

हौशी_कानसेन:
नावाचंच घेतात. २०१७ साली ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनची मापं तपासली होती. किंमत आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (म्हणजे कुठला सूर किती जोरात वाजतो) यांचा काही संबंधच निघाला नाही. माझ्याकडे बारा ड्रायव्हरवाली (आवाज काढणारे ते आतले डबे म्हणजे ड्रायव्हर) जोडी आहे आणि खरं सांगू का, जुनी दोन ड्रायव्हरवालीच जास्त वापरतो. बरं, महागडी विकून टाकावी तर घेणार कोण? माझ्या कानाचा माणूस कुठून आणू?

साचेकार:
कानसेनांचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात माझी नखं झिजलीत, म्हणून लिहितो. १४ वर्षं श्रवणयंत्रांचे इअरमोल्ड, म्हणजे कानात बसणारे भाग, केले, पुढे ६ वर्षं वादकांच्या इअरफोनचे शेल, म्हणजे कानाच्या मापाची बाहेरची कवचं.

आधी ते डबे. त्यांना बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात, आणि ही वस्तू इअरफोनमध्ये आली ती श्रवणयंत्रांतून. चुंबकांच्या मधोमध धातूची बारीक जीभ, भोवती तारेचं वेटोळं, जिभेच्या टोकाला एक काडी आणि ती काडी आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याला जोडलेली. असे ड्रायव्हर नीट करणारे जगात मोजके. नोल्स आणि सोनियन ही दोन नावं पुष्कळ महागड्या जोड्यांच्या पोटात सापडतील. पण सुट्ट्या ड्रायव्हरांची बेरीज मारलीत तर ती तुम्हाला सांगितलेल्या भावाच्या आसपासही जाणार नाही.

खरे पैसे मुरतात ते हातकामात आणि फुकट गेलेल्या मालात.

कानाचा ठसा घेण्यापासून बघा. दोरा बांधलेला फोमचा गोळा कानाच्या नळीत दुसऱ्या वळणापलीकडे सरकवायचा, म्हणजे ठशाचा मसाला कानाच्या पडद्यापर्यंत जात नाही. मग पिचकारीने सिलिकॉन भरायचं आणि पाचेक मिनिटं थांबायचं. जबड्याचा सांधा नळीला अगदी खेटून असतो, तोंड उघडलं की नळीचा आकार बदलतो. म्हणून दातांत ठोकळा धरायला लावतात. आमच्याकडे एका गायिकेची जोडी दोनदा परत आली. तक्रार एकच, वरचा सूर लावला की बास गायब. ठसा घेणाऱ्याने दोन्ही वेळा तोंड मिटून घेतला होता! सूर लावताना जबडा उघडायचा, शेलच्या कडेने बारीक फट पडायची आणि बास तिथून निघून जायचा. तिसऱ्यांदा ठोकळा धरून ठसा घेतला, तेव्हा कुठे बसलं. दोन जोड्यांचे शेल कचऱ्यात. त्याचे पैसे तिच्याकडून घेतले नाहीत, म्हणजे इतर गिऱ्हाइकांनी थोडे थोडे भरले.

शेल पूर्वी सगळा हाताने व्हायचा. ठसा मेणात बुडवायचा, जेलमध्ये त्याचा उलटा साचा घ्यायचा, साच्यात पातळ ॲक्रिलिक रेझिन ओतून अतिनील दिव्याखाली धरायचं. भिंतीलगतचं रेझिन घट्ट झालं की मधलं ओतून टाकायचं. किती वेळ धरायचं हे घड्याळापेक्षा सवयीने कळतं. एक बुडबुडा राहिला की पुन्हा पहिल्यापासून. आता ठसा स्कॅन होतो आणि शेल थ्रीडी प्रिंटर काढतो. पण संगणकाच्या पडद्यावर कुठे किती खरवडायचं ते माणूसच ठरवतो. जरा जास्त खरवडलं तर शेल सैल, कमी खरवडलं तर तासाभरात कान ठणकायला लागतो.

मग जोडणी. सूक्ष्मदर्शकाखाली तारा डाखायच्या, प्रत्येक ड्रायव्हरची नळी छिद्रापर्यंत आणायची, नळीत डॅम्पर बसवायचा. डॅम्पर म्हणजे इवलीशी जाळी, रंगावरून ओळखतात. पांढरा ६८० ओहम, हिरवा १५००. (हे ओहम हवेच्या अडथळ्याचे, विजेचे नव्हेत.) एकदा रात्री उशिरा मी डाव्यात हिरवा आणि उजव्यात पांढरा घालून बसलो. शेल बंद केला, लाख चढवली, नकली कानावर लावून मोजलं, तर दोन्ही आलेख एकमेकांवर चपखल आणि फक्त एका जागी उजव्याचं शिंग वर. तेवढ्यासाठी शेल फोडावा लागला. गोंदात अडकलेले दोन ड्रायव्हर त्यातच गेले. मालकांनी काही म्हटलं नाही, पण चहाला बोलावलंही नाही.

आणि कानसेन म्हणतात तेच दुकानदाराचंही दुखणं. तयार इअरफोन परत आला तर पुसून पुन्हा विकता येतो. हा आला तर आतले सुटे भाग काढा, बाकी कचरा. या धंद्यातलं एक मोठं नाव उभं राहिलं तेच एका माणसाच्या कानावर. १९९५ साली जेरी हार्वे यांनी व्हॅन हेलन बँडच्या ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी जोडी केली आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी निघाली. मंद्रसप्तक, ॲलेक्स ड्रमर होता हे तुमच्या ड्रमरला जरूर सांगा.

आता कानसेनांचं अर्धं. दोन-तीन ड्रायव्हरच्या साध्या जोडीला शेलची मेहनत तेवढीच लागते. त्यापुढे भाव ज्या वेगाने चढतो तितकी मेहनत चढत नाही. ड्रायव्हर वाढले की क्रॉसओव्हर, म्हणजे कुठले सूर कुठल्या ड्रायव्हरने वाजवायचे याची वाटणी, जुळवणं अवघड होतं, हे खरं. पण बारा आहेत म्हणून सहापेक्षा दुप्पट चांगलं वाजेल असं काही नसतं. चांदीच्या केबलबद्दल मी बोलत नाही, मित्र तुटतात.

मंद्रसप्तक:
बाप रे. मग मी कितीचे घेऊ?

साचेकार:
तुमच्या कामाला दोन किंवा तीन ड्रायव्हर पुरे. केबल सुटी होणारी घ्या, कारण आधी मरते ती केबलच. पैसे देण्यापूर्वी विचारा, शेल बसला नाही तर किती दिवसांत आणि किती वेळा फुकट दुरुस्त करून देणार? उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठा. ठसा ऑडिओलॉजिस्टकडेच (श्रवणतज्ज्ञाकडेच) घ्या, ठोकळा मागून घ्या. आणि जाण्याआधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या. मळासकट ठसा घेतला तर शेल मळाच्या मापाचा होतो.

मंद्रसप्तक:
मळ काढायला उद्याच जातो. ड्रमरला ॲलेक्सचं सांगितलं. दोनदा सांगितलं, त्याला ऐकूच आलं नाही.