शब्दचर्चा : ‘थीमलेस’ शब्दकोड्याला काय म्हणावं?

कोपरीकर : न्यूयॉर्क टाइम्सचं शुक्रवार-शनिवारचं कोडं थीमलेस असतं. 15 × 15 ची चौकट, जास्तीत जास्त 72 शब्द, काळी घरं कमी, शब्द लांब, आणि त्यांना बांधणारा विषय नाही. मराठीत ‘सूत्रहीन’ चालेल?

वाशीकर : नको. शब्दकोड्यात सूत्र म्हणजे शोधसूत्र, शब्द ओळखायला दिलेली खूण. सूत्रहीन कोडं म्हणजे नुसती रिकामी चौकट, सोडवणाऱ्याने करायचं काय? ‘निर्विषय’ म्हटलं की थेट वेदान्त. ‘विषयमुक्त’ त्यातल्या त्यात बरा.

घणसोलीकर : मराठी पेपरातलं रोजचं कोडं बहुधा विषयमुक्तच असतं. आडवा पहिला फळ, उभा दुसरा नदी. त्याला वेगळं नाव कशाला? एकाच विषयावरचं असेल त्याला ‘विषयबद्ध’ म्हणा, बाकीचं नुसतं शब्दकोडं.

शुक्रवारच्या कोड्याचा कस आहे तो घट्ट विणीत. तिथे प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत येतं. 26 अक्षरांत ते जमतं. आपण एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसवतो. 34 व्यंजनांची बाराखडीच 408 घेते, जोडाक्षरं वेगळी. म्हणून आपल्या चौकटीत काळी घरं जास्त लागतात.

त्यातही काही अक्षरं अडून बसतात. ‘कळवा’ आडवा टाका: ळ ने मराठी शब्द सुरू होत नाही. त्या ळ मधून उभा शब्द न्यायचा तर वरचं घर पांढरंच हवं. ‘तुर्भे’तल्या र्भे चंही तेच, रफार शब्दाच्या आरंभी येत नाही. चौकट अर्ध्या फेऱ्यात फिरवून तशीच दिसायला हवी असेल, तर एक काळं घर हलवलं की समोरचंही हलतं आणि तिथला जमलेला शब्द मोडतो. म्हणून असे शब्द आधी बसवावेत; ‘नौपाडा’-‘सानपाडा’ पा वर किंवा डा वर कुठेही जुळतात, ते मागाहून.

वाशीकर : णे चं घर खालचा उजवा कोपरा. आडवा ‘सोडवणे’, उभा ‘लपवणे’, दोन्ही तिथेच संपतात. सोडवणाऱ्यानेही सूत्रात क्रियापद दिसलं की शेवटच्या घरात पेन्सिलीने णे लिहून ठेवावा. फक्त भरताड नको, चारपाच णे झाले की कोडं बेचव.

कोपरीकर : ऱ्हस्व-दीर्घाचं काय?

घणसोलीकर : जिथे दोन शब्द छेदतात तिथे सूट नाही. ‘बहीण’मधून ‘हीन’ खाली गेला असेल आणि सूत्र अनेकवचनी दिलं, तर सोडवणारा ‘बहिणी’ लिहिणार. हि पडला, खालचा शब्द अडला, वर शेवटचं अक्षरही चुकलं. चूक सूत्र देणाऱ्याची. नेरूळची तर कुठे नेरुळ अशीही पाटी दिसते. नियमाने रू दीर्घ, पण त्या घरातून उभा शब्द काढूच नये.

कोपरीकर : ठीक, ‘विषयमुक्त’ रद्द. मग त्या शुक्रवारच्याला?

वाशीकर : ‘घट्ट विणीचं कोडं’. तुम्हीच बघा, थीम हा शब्द लागलाच नाही.