'लूझली बेस्ड ऑन'ला मराठीत काय म्हणाल?

कोरीपाटी
सबटायटल्सचं काम करते. एका परदेशी मालिकेच्या सुरुवातीला काळ्या पडद्यावर चार सेकंद एक पाटी येते: ही गोष्ट अमुक कादंबरीवर 'लूझली बेस्ड' आहे. मी लिहिलं, 'अमुक कादंबरीवर सैलसर बेतलेली'. क्यूसी, म्हणजे शेवटची तपासणी करणाऱ्या बाईंनी दोन्ही शब्द लाल करून परत पाठवले. शेरा असा: सैलसर कपडे असतात आणि 'बेतलेली' हे धड मराठी नाही, 'आधारित' करा.

'सैलसर'चं एक वेळ मान्य करते, रात्री दीड वाजता सुचलेला शब्द आहे तो. पण 'बेतलेली'? चित्रपट परीक्षणांत लहानपणापासून वाचत आलेय. आणि नुसतं 'आधारित' लिहिलं तर 'लूझली' कुठे गेलं? 'स्वैर आधारित' वाचून मलाच कसंतरी होतं. ओळीला चाळीस अक्षरांची मर्यादा, त्यात कादंबरीचं नावच अठरा अक्षरं खातं. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय. सुचवा काहीतरी.

तिरपागडा
'कादंबरी चाळून केलेली'. बसेल चाळिसात.

फक्तवाचक
स्वैर रूपांतर. जुना, रुळलेला जोडशब्द आहे. प्रश्न संपला.

कोरीपाटी
नाही ना संपला. रूपांतर म्हटलं की ऑथेल्लोचा झुंझारराव होतो, पिग्मॅलियनची फुलराणी होते. माणसांची नावं, त्यांची बोली, त्यांचे टोमणे, सगळं आपलं होतं. इथे कादंबरीही इंग्रजी आणि मालिकाही इंग्रजी. फक्त कागदावरून पडद्यावर गेलीय, आणि जाताना शेवट बदललाय, एक अख्खी बहीण गाळलीय. याला रूपांतर म्हटलं तर देवलांनी 'झुंझारराव' केला त्याला काय म्हणायचं?

जुनापुराणा
योग्य शब्द 'माध्यमांतर'. भाषा बदलली की भाषांतर, रूप बदलले की रूपांतर, माध्यम बदलले की माध्यमांतर. इतकी सरळ व्यवस्था भाषेत असताना आपण चाचपडतो, कारण आधी इंग्रजी वाक्य डोळ्यांपुढे ठेवून मग शब्द शोधतो.

'बेतलेली'विषयी त्या बाईंचे बरोबर आहे. बेततात ते कापड. कथा म्हणजे कापड नव्हे. कुणीतरी घाईत लिहिलेला शब्द छापून आला आणि पुढे सगळ्यांनी तोच गिरवला.

दोरेवाली
आता मला बोलावंच लागेल. माझे वडील शिंपीकाम करायचे. मी टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करत मोठी झालेय.

बेतणं म्हणजे कापणं नव्हे हो. बेतणं त्याच्या आधी असतं. कापड टेबलावर पसरायचं, घडी घालायची, हातानं सुरकुत्या सारायच्या आणि मग वडील पाच-दहा मिनिटं नुसते बघत उभे राहायचे. कानावर खडू. बाह्या कुठून निघतील, कॉलरला आडवं कापड ठेवायचं की उभं, काठ पुढे घ्यायचा की पाठीवर. गिऱ्हाइकानं कापड कमी आणलं असेल तर ही दहा मिनिटं पंधरा व्हायची. एकदा कात्री लागली की विषय संपला, पुन्हा जोडता येत नाही. कादंबरीची पटकथा करणारा माणूस दुसरं काय करतो? पाचशे पानांचा तागा समोर, आणि अंग दोन तासांचं.

आणि 'सैल बेतलं' हे तर आम्ही रोज म्हणायचो. वाढत्या अंगाच्या पोराचा शर्ट सैलच बेततात. कोरीपाटी, तुमचं पहिलं वाक्य बरोबर होतं. दोन्ही शब्द एकाच टेबलावरचे आहेत.

कोरीपाटी
दोरेवालीताई, हे वाचून मी खुर्चीतून उठले. हाच खुलासा क्यूसीला पाठवू का?

जुनापुराणा
वर्णन सुंदर आहे, पण त्यात एक घोटाळा आहे. ताईंच्या हिशेबाने कादंबरी हे कापड आणि चित्रपट हा सदरा. मग 'कादंबरीतून बेतलेला' असे म्हणायला हवे. आपण म्हणतो 'कादंबरीवर बेतलेला'. सदरा अंगावर बेततात. म्हणजे या प्रयोगात कादंबरी हे अंग झाले आणि चित्रपट त्यावर चढवलेला कपडा. एकाच वाक्यात कादंबरी कापडही आणि अंगही कशी असेल? रूपक जिथे असे फाटते तिथे शब्द चुकलेला असतो.

तिरपागडा
'वर बेतणं' मला एकच माहीत आहे, जिवावर. कादंबरीच्या जिवावर बेतलेला चित्रपट. असे महिन्याला दोन तरी बघतो.

फक्तवाचक
मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बेतणेचे दोन्ही अर्थ आहेत, योजणे आणि कापड मापाने कापणे. म्हणजे 'कुणीतरी घाईत लिहिलेला' वगैरे काही नाही. कोश १८३१चा आहे, दुसरी आवृत्ती १८५७ची. तेव्हा चित्रपट परीक्षणं येत नव्हती. 'योजणे' धरलं तर 'वर'ही चालतं. नाटक एखाद्या प्रसंगावर योजता येतं.

जुनापुराणा
कोशात असणे आणि योग्य ठिकाणी वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मधलीरांग
शब्दाचं तुम्ही बघा, मी पडद्याकडून बोलते. गेल्या महिन्यात ठरवून फक्त पुस्तकांवरचे मराठी सिनेमे बघितले. काही पहिल्यांदा, काही पुन्हा. माझं मत असं की 'बेतलेला', 'आधारित', 'रूपांतर' हे सगळे एकाच कामाचे शब्द नाहीतच, कामंच वेगवेगळी आहेत.

'सिंहासन' (१९७९) घ्या. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या आहेत त्यात, 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक'. पटकथा तेंडुलकरांची. दोन्ही पुस्तकं हाताशी ठेवून मी पुन्हा बघितला आणि कुठे एक संपून दुसरी सुरू होते ते शोधत बसले. तासाभरानं नाद सोडला, शिवण दिसतच नाही. तिथे 'आधारित' म्हणणं म्हणजे अपमान आहे. दोन ताग्यांतून एक कोट काढलाय माणसानं.

उलट 'श्यामची आई'. पुस्तकाचा घाटच असा की श्याम रोज रात्री मित्रांना सांगतो, अशा ४२ रात्री. वाचताना आपणही एकेक रात्र पुरवून वाचतो. सिनेमात सगळ्या रात्री एका बैठकीत उरकतात. अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, २०२३मध्ये तो विषय पुन्हा कृष्णधवलमध्ये आला. दोन्ही बघून मला वाटलं की आई पडद्यावर येते, पण 'उद्या सांगतो' म्हणून थांबणं येत नाही. ती थांबायची जागा हेच खरं पुस्तक आहे. याला कुठला शब्द आहे तुमच्याकडे?

फक्तवाचक
आहे. 'नुकसान'.

मधलीरांग
तुम्ही सिनेमा बघता का कधी?

फक्तवाचक
एकदा पुस्तक वाचलं की गरज पडत नाही. नावावरून कळतं. शांता निसळांच्या कादंबरीचं नाव 'बेघर'. जब्बार पटेलांनी १९८२मध्ये सिनेमा केला तेव्हा तो 'उंबरठा' झाला. बेघर म्हणजे जे घडून गेलं ते. उंबरठा म्हणजे अजून पाऊल उचललेलंच आहे. एका शब्दात बाईची अख्खी गोष्ट मागे सरकवली.

मधलीरांग
मागे? मला तर उलट वाटलं. 'बेघर'मध्ये कीव आहे, ती बाई बिचारी होते. उंबरठ्यावर ती स्वतः उभी आहे, कुणी ढकललेली नाही. स्मिता पाटीलचा चेहरा बघा आणि मग 'बेघर' हे नाव त्यावर ठेवून बघा, बसत नाही. न बघता मत देऊ नका हो.

फक्तवाचक
न वाचता मत देणारे कितीतरी असतात, त्यांना कुणी बोलत नाही.

कोरीपाटी
मंडळी, माझी पाटी. 'लूझली'.

मधलीरांग
हो हो. 'लूझली'चा खरा नमुना 'पिंजरा'. १९७२चा. तो आला १९३०च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन बोलपटावरून, आणि तो बोलपट आला हाइनरिश मान यांच्या १९०५च्या कादंबरीवरून. तिथला शाळामास्तर कॅबरेच्या गायिकेपायी रसातळाला जातो, इथला मास्तर तमाशातल्या बाईपायी. मधे एक समुद्र, एक भाषा आणि ६७ वर्षं. तरी मास्तर तोच. याला 'सैल' म्हणाल की 'घट्ट'? कापड पूर्ण वेगळं, माप मात्र तेच.

दोरेवाली
याला आम्ही 'जुन्या मापावर नवीन शिवणं' म्हणायचो. गिऱ्हाईक जुना शर्ट आणून द्यायचं, 'असाच शिवा' म्हणून. जुनापुराणा काका, तुमच्या 'वर'चं उत्तरही हेच झालं. जुन्या शर्टावर नवा बेततात. कादंबरी हा जुना शर्ट. कापडही नाही आणि अंगही नाही.

तिरपागडा
टाळ्या. आता बेत हा शब्द 'वेता'वरून आला हेही कुणीतरी लिहा. मापायची छडी वेताची असायची, म्हणून बेत. आमच्या गणिताच्या सरांकडेही एक होता, त्यांचे बेत वेगळे असायचे.

फक्तवाचक
हे तुम्ही आत्ता बसल्या जागी रचलंत. हिंदीत 'ब्योंतना' आहे, अर्थ हाच, कपडा मापाने कापणे. छडीचा काही संबंध नाही.

तिरपागडा
रचलं नाही, बेतलं. 'बेताचा' हा शब्दही त्याच घरातला ना? बेतलेला चित्रपट आणि बेताचा चित्रपट यांत फरक एका मात्रेचा. पुष्कळदा तेवढाही नसतो.

कोरीपाटी
त्याच मालिकेच्या माहितीपटात आणखी एक वाक्य आहे, आधीच विचारून ठेवते. दिग्दर्शक म्हणतो, आम्हाला 'फेथफुल' राहायचं नव्हतं. 'प्रामाणिक' लिहिलं तर तो अप्रामाणिक ठरतो, बिचाऱ्यानं चोरी केल्यासारखं. 'एकनिष्ठ' लिहिलं तर लग्न मोडल्यासारखं. मी 'मुळाबरहुकूम' लिहिलंय.

मधलीरांग
वा! हा शब्द किती दिवसांनी वाचला. अगदी चपखल. हुकुमाप्रमाणे केलं नाही, एवढंच म्हणायचंय त्याला.

जुनापुराणा
माझी हरकत आहे. बरहुकूम हा फारसीतून आलेला शब्द. 'मूलानुसारी' असा स्वच्छ शब्द असताना दरबारी फारसी कशाला? ज्या भाषेने दिग्दर्शक, मध्यंतर, बोलपट असे शब्द पचवले, ती हाही पचवेल.

फक्तवाचक
'हरकत' अरबी आहे.

तिरपागडा
😂 काका गेले.

जुनापुराणा
रुळलेल्या शब्दाला माझा विरोध कधीच नव्हता. 'हरकत' रुळला आहे. 'बरहुकूम' आज किती लोक बोलतात? रस्त्यावर उभे राहून दहा जणांना विचारा.

मधलीरांग
मग त्याच दहा जणांना 'मूलानुसारी' विचारा. मुळा अनुसरणारा कोण, असं विचारतील, भाजीवाला का म्हणून.

आणि काका, मघाशी 'बेतलेला' सगळीकडे रुळलाय, तेव्हा तुम्ही म्हणालात, घाईतला शब्द सगळ्यांनी गिरवला. कोश दाखवला तर म्हणालात, कोशात असणं वेगळं. आता 'रुळलेला' हे बळ चालतं. एक काय ते ठरवा.

जुनापुराणा
कवी माधव जूलियनांनी १९२५मध्ये फारसी-मराठी कोश केला आणि तेच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. फारसी न येणाऱ्याने फारसीचे प्रेम दाखवणे सोपे असते. ज्याला ती आली त्याने काय निवडले ते पाहावे. यापुढे या विषयावर मला बोलायचे नाही.

फक्तवाचक
त्यांच्या गझला आधी वाचा. मग बघू काय निवडलं ते.

मधलीरांग
काका रागावू नका. तुमच्यासाठी एक कोडं. हंसा वाडकर यांनी काम केलेला 'सांगत्ये ऐका' १९५९चा. पुढे त्यांच्या आत्मकथनाला तेच नाव मिळालं. मग त्या आत्मकथनावरून बेनेगलांनी १९७७मध्ये हिंदीत 'भूमिका' केला. म्हणजे सिनेमाचं नाव पुस्तकाला आणि पुस्तकाची गोष्ट पुन्हा सिनेमाला. भाषाही बदलली. हे भाषांतर, रूपांतर की माध्यमांतर?

जुनापुराणा
तिन्ही. आणि म्हणूनच तिन्ही शब्द वेगळे राखले पाहिजेत, हेच मी पहिल्यापासून सांगतो आहे.

तिरपागडा
काका परत आले!

मधलीरांग
'भूमिका' परवाच पुन्हा बघितला म्हणून आठवलं. पुस्तकात ती बाई आपल्याशी बोलते, नावातच 'ऐका' आहे. सिनेमात ती कुणाशीच बोलत नाही, आपण तिला बघत राहतो. ऐकण्याचं बघणं झालं. आणि तरी तो बघणाऱ्याला धरून ठेवतो. फक्तवाचक, हा एक तरी बघा.

फक्तवाचक
बघतो. पुस्तक दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर.

कोरीपाटी
फाइल गेली. वेळच उरली नव्हती. 'कादंबरीच्या आधारे, स्वैर' असं लिहिलं, एकोणचाळीस अक्षरं भरली. वाचताना ठेच लागते, माहीत आहे. दोरेवालीताई, तुमचं टेबलाचं वर्णन खरंच क्यूसीला पाठवलं होतं. उत्तर आलं, 'छान आठवण. आधारित ठेवावे.'

'मुळाबरहुकूम' मात्र त्यांनी तसाच ठेवला. एका अक्षरालाही हात लावला नाही.

दोरेवाली
काल वडिलांना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. हसले. म्हणाले, दुकानात आम्ही 'बेतणं' कधीच म्हणत नव्हतो, 'कटिंग' म्हणायचो. 'उद्या ये, कटिंग झालं नाही.' बेतणं तुझी आई म्हणायची, आणि ती स्वयंपाकाचं म्हणायची.