आपली व्हिस्की ही व्हिस्कीच नाही म्हणे. खरं काय?

परदेशी_पावटा

मंडळी, मी स्टुटगार्टला असतो. दिवाळीला पुण्याला आलो होतो, परतताना टीममधल्या एका जर्मन सहकाऱ्यासाठी आपल्याकडची एक बऱ्यापैकी महागातली व्हिस्की नेली. गड्यानं आभार मानले, चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचलं आणि शांतपणे म्हणाला, "ही इथे व्हिस्की म्हणून विकता येणार नाही." वर हेही ऐकवलं की तुमच्याकडे व्हिस्की उसापासून करतात, म्हणजे ती खरं तर रम झाली.

मी हसून वेळ मारून नेली, पण डोक्यातून जात नाहीये. आपली व्हिस्की खरंच मळीची असते? आणि बिअर आणि व्हिस्की दोन्ही एकाच धान्यापासून होत असतील तर मधे असं काय घडतं की एक पाच टक्क्यांवर थांबते आणि दुसरी बेचाळीसवर जाते? विकिपीडिया वाचला. कळलं काहीच नाही. कुणी या धंद्यातलं आहे का इथे?

जाऊ_द्या_हो

बाटली त्यानं परत केली की संपवली, ते आधी सांगा. बाकी चर्चा त्यानंतर.

आसवनी_आजोबा

तुमचा जर्मन निम्म्याहून जास्त बरोबर आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, केमिस्ट म्हणून माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी मळी. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे पाडतात, दाणे वेगळे काढले की उरलेला पाक पुन्हा शिजवतात. असं तीनदा झाल्यावर जे काळं, दाट उरतं आणि ज्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही, ती मळी. टनभर उसामागे ४०-४५ किलो. तिच्यात अजून ४५ टक्क्यांच्या आसपास साखर असते, फक्त दाणा धरत नाही. यीस्टला दाण्याशी काय करायचंय? पाणी घालून मळी पातळ करायची, यीस्ट सोडायचं, दीड दिवसात ते साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. टाकीचं तापमान ३२-३३ अंशांवर धरावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट येतं, मग यीस्ट मान टाकतं आणि मॅनेजर केमिस्टला धरतो.

आंबून तयार झालेल्या या द्रवाला आम्ही वॉश म्हणतो. त्यात ८ ते १० टक्के अल्कोहोल. इथपर्यंत बिअर आणि आमचा वॉश एकाच रस्त्यानं आलेले असतात. फरक गाळण्यात आहे.

अल्कोहोल ७८.३ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. त्यामुळे बऱ्याच शिकलेल्या लोकांना वाटतं की ७८ वर तापवलं की निव्वळ अल्कोहोल वर येतं आणि पाणी खाली बसून राहतं. तसं होत नाही. मिश्रण उकळलं की वाफेत दोन्ही येतात, अल्कोहोलचा वाटा तेवढा वाढलेला असतो. ८ टक्क्यांचा वॉश एकदा गाळला की २०-२५ टक्के हाती येतं, ते परत गाळलं की ७० च्या जवळ. स्कॉटलंडात तांब्याच्या भांड्यात माल्ट व्हिस्की (मोड आणलेल्या जवाची) बहुतेक ठिकाणी अशी दोनदा गाळतात आणि तिथेच थांबतात.

आमच्याकडे भांडं नसतं, कॉलम असतात. म्हणजे चार-पाच मजली उंच खांब, आत एकावर एक थाळ्या. खालून वाफ चढते, वरून द्रव उतरतो, आणि प्रत्येक थाळीवर थोडं थोडं गाळप होत जातं. हे चोवीस तास अखंड चालू असतं. वरच्या टोकाला ९५-९६ टक्के स्पिरिट. नुसत्या गाळपानं ९७ च्या पलीकडे जाताच येत नाही, कारण तिथे वाफेत आणि द्रवात प्रमाण सारखंच होतं. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमधलं उरलेलं पाणी वेगळ्या गाळणीनं शोषून घ्यावं लागतं.

या खांबाचं पेटंट १८३० साली एनिअस कॉफी नावाच्या माणसानं घेतलं. हा आयर्लंडमधला एक्साइजचा बडा अधिकारी होता! आमच्या गेटच्या आत एक्साइजच्या साहेबांचं ऑफिस असायचं, टाक्यांच्या कुलपांची एक किल्ली त्यांच्याकडे. इतके साहेब आले नि गेले, खांब कुणी काढला नाही. असो.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. वॉशमध्ये अल्कोहोल एकटं नसतं. अल्डिहाइड असतात, एस्टर असतात, फ्यूजेल ऑइल असतं. मळीचा, जवाचा, द्राक्षाचा, ज्याचा त्याचा वास आणि चव या मंडळींत असते. भांड्यात गाळणारा त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवतो. पहिली धार बाजूला, मधली घ्यायची, शेवटची परत पुढच्या घाण्यात. आम्हाला मात्र यातलं काहीच नको असतं. पिण्याच्या दारूसाठी जे ईएनए, म्हणजे अतिशुद्ध स्पिरिट, बनतं, त्यासाठी एका कॉलममध्ये मुद्दाम भरपूर पाणी सोडतात. उलटं वाटेल, पण पाण्यात पातळ झाल्यावर ही मंडळी अल्कोहोलच्या आधी उडतात, ती वरच्या वर काढून टाकायची. मग नमुना पाण्यात पातळ करून नाकाशी धरायचा. मळीचा वास लागला की टाकी नापास. वास न येणं हीच आमची कमाई.

युरोपचा नियम सांगतो की व्हिस्की धान्याचीच हवी, गाळताना ९४.८ टक्क्यांच्या खाली थांबायचं, आणि लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरवायची. कच्च्या मालाचा वास उरावा म्हणून ही ९४.८ ची रेघ. ईएनए ९६ चं. सारा वाद या सव्वा टक्क्याचा. माझं विचाराल तर ९४.८ लाही फार काही उरत नाही, त्यांच्या कॉलमवरच्या ग्रेन व्हिस्कीला निम्मं रूप पिंपच देतं. पण निदान ३ वर्षं पिंपात तरी घालतात. आपल्याकडे बहुतेक बाटल्यांत ईएनए, पाणी, थोडं माल्ट स्पिरिट, वरच्या दर्जात थोडी आयात केलेली स्कॉच, आणि रंगाला कॅरमेल. सगळं मिळून ४२.८ टक्क्यांवर आणायचं. हा विचित्र आकडा ब्रिटिशांच्या ७५ प्रूफचा (प्रूफ म्हणजे दारूची ताकद मोजायचं त्यांचं जुनं माप), त्यांनी स्वतः कधीच सोडला, आपण धरून बसलोय. त्याच टाकीतलं ईएनए व्होडकाला जातं, जिनला जातं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कित्येक आसवन्यांनी सॅनिटायझर काढलं, तेही याच स्पिरिटचं.

म्हणून "ही रम झाली" हे तुमच्या मित्राचं म्हणणं मला मान्य नाही. रमला मळीचा वास लागतो, तो तर आम्ही नोकरी करून घालवला.

माल्टेश

आजोबा, दंडवत. मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत बिअर करतो, तर बिअरचं मी लिहितो.

पावटेसाहेब, जवात साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. म्हणून जव भिजवून मोड आणतात. दाण्याला वाटतं आता रोप व्हायचंय, तो स्टार्च फोडणारी एन्झाइम तयार करतो. नेमका तेव्हाच त्याला गरम हवेत वाळवून थांबवायचा. हे माल्ट. ते भरडून ६५-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की एन्झाइम स्टार्चची साखर करतात. दोन अंश इकडे तिकडे झाले तरी बिअर हलकी किंवा दाट होते, त्यामुळे सकाळी त्या वेळेत मला कुणी फोन केलेला चालत नाही.

बिअर म्हणजे न गाळलेली व्हिस्की असं लोक म्हणतात, ते अर्धवट आहे. आम्ही तो गोड रस हॉप्स (एका वेलीची कडू फुलं) घालून तासभर उकळतो. हॉप्सनी कडूपणा येतो, बिअर टिकते, आणि उकळल्यामुळे एन्झाइम मरतात. म्हणून काही साखर यीस्टला न पचणारी राहते आणि बिअरला अंग येतं. माल्ट व्हिस्कीवाले रस उकळत नाहीत, हॉप्सही घालत नाहीत. त्यांची एन्झाइम आंबवण्याच्या टाकीतही काम करत राहतात आणि जवळजवळ सगळी साखर अल्कोहोलकडे जाते. तो वॉश पिऊन बघितलात तर आंबट-फिका लागेल, तोंड वाकडं कराल.

आपला जव मुख्यतः राजस्थान-हरियाणाकडचा. हॉप्स आपल्याकडे थोडे हिमाचलात लाहौलला होतात, पण मी वापरतो ते जवळजवळ सगळे बाहेरचे, बरेचसे तुमच्या जर्मनीचेच. आणि दुकानातल्या 'स्ट्राँग' बिअरमध्ये ताकद बरीचशी वरून घातलेल्या साखरेनं किंवा तांदळानं येते. यावर मी जास्त बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

बोंडूवाली

आमच्या फेणीक कोणी विचारीत नाय की काय? माझं माहेर गोव्यातल्या डिचोलीचं, सासर हद्दीच्या अल्याड, महाराष्ट्रातल्या दोडामार्गाचं, तेव्हा दोन्हीकडचं बघितलंय.

काजूचा बोंडू झाडावरून काढायचा नसतो, आपसूक पडलेलाच घ्यायचा. बी वेगळी करून बोंडू पायानं तुडवायचे. तुडवल्यावर जो चोथा राहतो त्यावर दगड ठेवला की थेंब थेंब जो स्वच्छ रस गळतो तो नीरो. तो ताजाच प्यायचा, उन्हाळ्यात त्यासारखं काही नाही. तुडवलेला रस भांड्यात दोन-तीन दिवस आपोआप आंबतो, यीस्ट विकत आणायला लागत नाही, बोंडवावरच असतं. मग भाटी लावायची. पहिल्यांदा गाळलं की हुर्राक, १५ टक्क्यांच्या आगेमागे, मार्च ते मे एवढाच मिळणार आणि लिंबू-मीठ-मिरची घालून पिणार. हुर्राकात आंबलेला रस घालून परत गाळला की फेणी, ४२-४३ टक्के. ९६ कुणाला पाहिजे आजोबा? शेजारच्या घरात बाटली उघडली तरी आपल्याला कळायला हवं.

२००९ साली काजूच्या फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो गोव्याचा. हद्दीच्या अल्याड तीच झाडं, तेच बोंडू, पण फेणी हे नाव नाही. ढिगानं कुजतात, नाहीतर टेम्पोत बसून गोव्याला जातात.

परदेशी_पावटा

काय लिहिलंय सगळ्यांनी! आजोबा, एक भीतीपोटी विचारतो. ती पहिली धार बाजूला काढतात, ती मिथेनॉलसाठी ना? म्हणजे गावठीनं माणसं मरतात ती धार न काढल्यामुळे?

आसवनी_आजोबा

नाही. हा गैरसमज सगळीकडे आहे. मिथेनॉल फळांतल्या पेक्टिनपासून होतं. मळीत ते नगण्य, काजूत थोडंफार, पण माणूस मरेल इतकं नाही. शिवाय पाण्या-अल्कोहोलच्या मिश्रणात ते पहिल्या धारेत सगळं निघूनही जात नाही. पहिली धार काढतात ती मुख्यतः अल्डिहाइडसारख्या उग्र गोष्टींसाठी. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून विकल्यामुळे. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, आधी नजर जाते. तिथे गाळणाऱ्याची चूक नव्हती, कारण कुणी काही गाळलंच नव्हतं.

म्हणून घरी प्रयोग करायला निघू नका. जर्मनीत बिअर हौसेनं करता येते, दारू गाळणं गुन्हा आहे. इकडे दोन्हीला परवाना लागतो.

आणि कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. एक लिटर स्पिरिटमागे मळीच्या आसवनीतून ८ ते १५ लिटर काळं, गरम, घाण वासाचं पाणी निघतं. स्पेंटवॉश. ते ओढ्यात गेलं की मासे उलटे होतात. पूर्वी सर्रास जायचं. आता त्याचा गॅस करतात, प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात) मुरवून खत करतात, नाहीतर आटवून बॉयलरमध्ये जाळतात. आमच्या निम्म्या बैठका दारूवर नसायच्या, या पाण्यावर असायच्या.

परदेशी_पावटा

अपडेट. (बाटली परत आलेली नाही, जाऊ_द्या_हो. अर्धी संपली आहे.) सहकाऱ्याकडून लेबलचा फोटो मागवला. त्यावर 'ग्रेन न्यूट्रल स्पिरिट' लिहिलंय. म्हणजे मळी नाहीच! त्याला सांगू का?

आसवनी_आजोबा

सांगा, पण फार ताणू नका. ग्रेन म्हणजे मका किंवा तुकडा तांदूळ. धान्याची अट झाली पुरी, ९४.८ ची आणि ३ वर्षांची राहिलीच. न्यूट्रल म्हणजे वास-चव काढून टाकलेलं, त्या शब्दातच सगळं आलं.

पुढच्या वेळी सिंगल माल्ट न्या. बेंगळुरूला आणि गोव्यात कुंकळ्ळीला चांगली होते, जवाची, भांड्यात गाळलेली, पिंपात मुरवलेली. तिकडे युरोपात व्हिस्की म्हणूनच विकतात. आपल्या उन्हात पिंपातून वर्षाला दहा-बारा टक्के उडून जातं, स्कॉटलंडात दोन टक्के, त्यामुळे आपली लवकर मुरते आणि महाग पडते.

बोंडूवाली

किंवा फेणी न्या. झाकण घट्ट लावून, दोन पिशव्यांत. नाहीतर बॅगेतले शर्ट पुढची दिवाळी येईपर्यंत वास मारतील.